बारा अक्षरं, मध्ये गेट

वयाच्या बावन्नाव्या वर्षी सांडू नकाते यांना स्वतःच्या नावातली अक्षरं मोजावी लागली, आणि तीही सख्ख्या धाकट्या बहिणीसमोर, तिच्या सासऱ्याच्या दुकानात बसून.

"सां, डू, न, का, ते," त्यांनी एकेक बोट मिटत सांगितलं. "पाच. मंगल, तीन. कार्यालय, चार. बारा झाले. तीन फुटी अक्षराला तीनशे म्हणतीस ना? बारा त्रिक छत्तीस. छत्तीसशे. लाव हिशेब आन् दे चहा."

आशाबाईनं चहा दिला. हिशेब लावला नाही.

"अक्षरं बारा, भाऊ. वरखाली नऊ."

"वरखाली म्हंजी?"

"काना, मात्रा, उकार, अनुस्वार, रफार. प्रत्येकी साठ. तिथं भिंतीवर कागद लावलाय बघ."

औरंगपुऱ्यातल्या त्या चिंचोळ्या दुकानात तो कागद दिवाळीपासून लटकत होता. पुंजाराम पेंटर चाळीस वर्षं गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगायचे, हे सुनेच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं दर लिहून टाकले: दोन फुटी अक्षर, तीन फुटी, चार फुटी, आणि खाली वरखालीचा दर. त्या दिवसापासून पुंजारामांनी आपली खुर्ची फिरवून घेतली होती. कागद पाठीमागं यावा म्हणून. त्यामुळं ते आता दुकानात बसले की त्यांचं तोंड गिऱ्हाइकाकडं नसे, रंगाच्या डब्यांकडं असे.

सांडूभाऊंनी कागद वाचला. मका आणि सरकीच्या व्यापारात तीस वर्षं काढलेला माणूस तो. सिल्लोडच्या बाजारात कुणाला दाणाभर सोडत नसे.

"सांवरचा अनुस्वार मला आई-बापानं फुकट दिला," ते म्हणाले. "तू त्याला साठ रुपये लावायलीस."

"त्यांनी दिला तव्हा तो ताटलीएवढा नव्हता."

"आन् काना? काना म्हंजी नुसती उभी काठी. तिला कसले पैसे?"

"बरोबर आहे," डब्यांच्या दिशेनं आवाज आला. पुंजाराम बोलले होते. "मी चाळीस वर्षांत कान्याचा पैसा घेतला नाय. पाव्हण्याकडून तर बिलकुल नाय."

"आबा, तुम्ही रफारचेही घेतले नाहीत," श्रेया म्हणाली. ती आशाबाईची मुलगी. कमर्शियल आर्ट शिकून घरच्याच धंद्यात आली होती आणि कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली होती. "एका 'सर्वधर्मसमभाव'मध्ये आपण किती घालवले, मी काढून दाखवू का?"

"नको दाखवू," पुंजाराम म्हणाले.

आशाबाईचा नवरा माऊली दारात ब्रश धूत होता. बायको एकीकडं, बाप दुसरीकडं आणि मेहुणा मध्ये असला की त्याला ब्रश फार मळलेले दिसत. तो पुन्हा एकदा नळाकडं गेला.

आशाबाईची गत मात्र अवघड होती. भावाला सूट द्यावी तर सासरे उद्या म्हणणार, दर लोकांसाठी, माहेरासाठी नाही. पुरते लावावेत तर भाऊ सिल्लोडभर सांगणार की आमची आशी पार तिकडची झाली. पंचवीस वर्षं ती या दोन घरांच्या मधल्या उंबऱ्यावर उभी होती, आणि उंबऱ्यावर फार वेळ उभं राहिलं की पाय दुखतात.

तेवढ्यात तिला एक गोष्ट सुचली.

"बरं भाऊ, वरखाली माफ. नऊच्या नऊ. पण अक्षर चार फुटी घे."

"कामून?"

"सिल्लोड रोड आहे तो. गाड्या ऐंशीनं जातात. तीन फुटी अक्षर वाचेस्तोवर माणूस फुलंब्रीला पोचंल. चार फुटीला साडेचारशे. वरखाली त्यातच."

सांडूभाऊंनी हिशेब केला नाही. बहिणीनं नऊ गोष्टी माफ केल्या, एवढंच त्यांच्या कानात राहिलं. छत्तीसशे अधिक वरखालीचे पाचशे चाळीस यांऐवजी आता चोपन्नशे होत होते, आणि ते समाधानानं मान डोलावत होते.

"पत्ता टाकायचा का खाली?" श्रेयानं विचारलं.

"नको. पत्त्यात लई अक्षरं."

"आणि भिंत किती फूट आहे, सांडूमामा?"

"शंभर. मोजून शंभर."

श्रेयानं लॅपटॉपवर बारा चौकोन मांडले. चार फुटी अक्षराला बाजूच्या जागेसकट पाच फूट, दोन शब्दांमध्ये तीन फूट. "एकोणसत्तर फूट लागतात. आरामात बसतंय."

गेट कुणी विचारलं नाही. सांडूभाऊंच्या मते गेट हा भिंतीचाच भाग होता, फक्त उघडणारा.

*

काम लग्नाच्या आदल्या दिवशी निघालं. नव्या कार्यालयातलं ते पहिलंच लग्न होतं, नवरदेव सिल्लोडचा. सांडूभाऊंनी कार्यालयाच्या पायात तीन वर्षांचं मक्याचं उत्पन्न घातलं होतं. पाहुण्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरणार ते नाव, म्हणून त्यांनी भिंतीला पांढऱ्याचे तीन हात दिले होते.

मध्ये सोळा फुटांचं लोखंडी गेट. त्याच्या डाव्या हाताला चोवीस फूट भिंत, उजव्या हाताला साठ फूट.

श्रेयानं प्लास्टिकच्या जाड शीटमधून बारा स्टेन्सिल कापून आणले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर आकडा टाकला होता, एक ते बारा. माऊलीनं गेरूत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर दोन सरळ रेघा मारल्या. मग एकेक स्टेन्सिल टेपनं चिकटवायचं, स्पंजाचा रोलर जवळजवळ कोरडा करून फिरवायचा, नाहीतर रंग शीटखाली शिरतो, आणि शीट काढली की मधल्या राहिलेल्या फटी ब्रशनं जोडायच्या. डोक्यावरची रेघ मात्र पुंजाराम ओढणार. ती त्यांनी कुणालाही दिली नव्हती. बहात्तराव्या वर्षीही ते शिडीवर उभे राहिले की हात असा चालायचा की जणू रेघ आधीच तिथं होती आणि ते फक्त तिच्यावरची धूळ पुसत होते.

एक, दोन, तीन, चार. चौथ्या अक्षरानंतर डावी भिंत संपली. माऊलीनं पाचवं शीट काखेत घेतलं, गेट ओलांडलं, आणि उजव्या भिंतीच्या सुरवातीला चिकटवलं. त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पेंटर अक्षर बघतो, शब्द वाचत नाही. पुंजाराम तर तेवढंही बघत नव्हते. ते रेघ बघत होते.

आशाबाई पिठलं-भाकरीचे डबे आणि सासूला, मनकर्णाबाईंना, घेऊन दुपारी चारच्या सुमारास पोचली, तेव्हा बारावं अक्षर वाळत होतं. गडद लाल रंग, पांढरी भिंत. सांडूभाऊ रस्त्याच्या पलीकडं उभे राहून बघत होते. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुळीचं नव्हतं.

"आशे," ते म्हणाले, "आपल्या बापाचं आडनाव एवढं मोठं कधी कुणी लिव्हलं नव्हतं."

आशाबाईलाही भरून आलं. तिनं भिंतीकडं पाहिलं आणि तिला तेच दिसलं जे भावाला दिसत होतं. आपलं नाव आपण वाचत नाही, ओळखतो.

मनकर्णाबाई मात्र वाचायच्या. लग्नाआधी त्या शाळेत गेल्या नव्हत्या. नवऱ्यानं रंगवलेल्या भिंतींवरच त्या अक्षरं शिकल्या, आणि भिंत दिसली की मोठ्यानं वाचायची त्यांची सवय साठ वर्षांच्या पुढंही सुटली नव्हती. त्या रिक्षातून उतरल्या, कंबरेवर हात ठेवला आणि डावीकडून सुरवात केली.

"सांडू. नका."

मग गेट आलं. गेटवर काही नव्हतं, म्हणून त्या थांबल्या. श्वास घेतला.

"ते मंगल कार्यालय."

माऊलीला हातातला ब्रश एकदम फार मळलेला दिसला.

"काय सांडू नका?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, ते नाव आहे," आशाबाई म्हणाली. "नकाते. सांडू नकाते."

"मग तसं लिव्हा की."

याच वेळी मक्याची पोती भरलेली एक जीप हळू झाली. ड्रायव्हरनं भिंत वाचली, मान बाहेर काढली आणि सांडूभाऊंना विचारलं, "मालक, पुढं रस्ता खराब हाय का? पोती सांडतील म्हणून लिव्हलंय?"

"रस्ता चांगलाय," सांडूभाऊ कसेबसे म्हणाले.

जीप गेली. सांडूभाऊंनी भिंतीकडं पुन्हा पाहिलं, आणि या वेळी त्यांनी ती वाचली. ते मटकन नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसले.

*

पुढचा अर्धा तास या घराण्यात जेवढ्या युत्या झाल्या आणि मोडल्या, तेवढ्या एरवी अख्ख्या वर्षात होत नसत.

आधी सगळे माऊलीवर गेले. पाचवं शीट गेटपाशी आलं तेव्हा थांबून विचारायला काय झालं होतं? माऊली म्हणाला, मला आकडे दिले होते, मी आकडे लावले, चारानंतर मी सहा लावला असता तर बोला. मग माऊली आणि पुंजाराम एक होऊन श्रेयावर गेले. लॅपटॉपमध्ये गेट नसतं का? श्रेया सांडूमामांवर गेली. "तुम्ही शंभर फूट म्हणालात. सोळा फूट तर हवा आहे."

"गेट भिंतीतच येतं," सांडूभाऊ म्हणाले. "त्याला मी भिंतीइतकाच पैसा घातलाय."

"पुसून टाकता येत नाही का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"ऑइल पेंट हाय," पुंजाराम म्हणाले. "पांढऱ्याचे दोन हात द्यावे लागतील, तरी लाल वर येईल. उद्या सकाळी वऱ्हाडाला गुलाबी भिंत दिसंल."

मग उपाय निघू लागले. माऊलीचं म्हणणं, पत्र्यावर 'ते' रंगवून गेटला टांगावं. पण गेट उघडलं की 'ते' आत जाणार, आणि लग्नाच्या दिवशी गेट बंद ठेवून भागणार नव्हतं. शिवाय उजव्या भिंतीवर एक 'ते' आहेच. म्हणजे गेट लावलं की 'सांडू नका ते ते मंगल कार्यालय.' श्रेया म्हणाली, डाव्या भिंतीच्या शेवटी एक फूट मोकळा आहे, तिथं बारीक 'ते' बसेल. पुंजारामांनी शिडीवरूनच नकार दिला. चार फुटी अक्षरांच्या शेजारी फूटभर 'ते' त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं आणि लिहिणार नव्हते.

"तीन फुटी केलं असतं तर?" माऊलीनं सहज विचारलं. "तर बसलं असतं का डाव्या बाजूला?"

श्रेयानं आकडे टाकले. तिची बोटं थांबली आणि तिनं आईकडं पाहिलं.

आशाबाईला गप्प राहता आलं असतं. श्रेया बोलली नसती. पण भाऊ कठड्यावर असा बसला होता की त्याला बघून तिला त्याचं लहानपणीचं तोंड आठवलं, शाळेत गुरुजी हजेरीला 'सांडू' म्हणाले की पोरं पाण्याचा तांब्या धरून हसायची तेव्हाचं.

"बसलं असतं," ती म्हणाली. "पाचही अक्षरं. गेटच्या आधी. अडीच फूट उरले असते. चार फुटी मी करायला लावलं, भाऊ. वरखाली माफ केल्याचं नाव केलं आणि उंचीत काढून घेतलं. बाराशे साठ जास्तीचे."

सांडूभाऊंनी तोंडात हिशेब केला. ओठ हलले.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "जास्तीचे पैसे देऊन मी माझंच नाव फोडून घेतलं."

"व्हय."

पुंजारामांनी शिडीवरून सुनेकडं पाहिलं. दिवाळीपासून ते तिच्याशी नीट बोलले नव्हते. आता भावासमोर ती एकटी पडली होती, आणि भाव सांगायचा म्हणजे काय असतं, हे त्या सगळ्यांत फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"पाव्हणं," ते म्हणाले, "चार फुटी बरोबरच हाय. तीन फुटी रोडवरनं दिसत नाय. जीपवाल्यानं वाचलं का नाय?"

"वाचलं. पर काय वाचलं?"

"ते मागाहून बघू. वाचलं का नाय?"

सांडूभाऊ उठले, पिठलं-भाकरीला हात न लावता आत गेले, आणि आत जाऊन खुर्च्या मोजायला लागले. खुर्च्यांना निदान गेट नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी आशाबाई लग्नाला गेली ती रंग उडालेल्या तोंडानं. पिशवीत अहेराची साडी होती आणि रिक्षात पायांपाशी पांढऱ्या रंगाचा डबा. वऱ्हाड उठलं की भिंत स्वतः पांढरी करायची आणि तीन फुटी अक्षरं पदरमोड करून लिहून द्यायची, असं तिनं घरी सांगितलं होतं. पुंजारामांनी न बोलता रोलर पिशवीत टाकला होता.

गेटबाहेर पाहुणे भिंत वाचून आत येत होते. कुणी हसत नव्हतं, हेच तिला विचित्र वाटलं. उलट माणसं जरा गंभीर होऊन आत शिरत होती, चपला नीट ओळीत काढत होती.

अक्षता पडल्या आणि पंगत बसली. वरण-भात, पुरी, भरली वांगी, बुंदी. आशाबाई वाढायला उभी राहिली. दुसऱ्याच वाढीला तिच्या ध्यानात आलं की लोक बेतानं घेतायत. एरवी नको नको म्हणत ताट भरून घेणारी माणसं पुरीसुद्धा अर्धी तोडून परत देत होती. एका काकांनी भाताचा ढीग घेतला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांचं मनगट धरलं.

"संपणार आहे का?"

"बघू की."

"बघू काय? बाहेर चार-चार फुटांची अक्षरं लिव्हलीत. मालक काय येडाय का?"

काकांनी अर्धा भात परत केला.

पहिली पंगत उठली तेव्हा पत्रावळी पुसल्यासारख्या लख्ख होत्या. आचाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा उष्ट्याचा हौद रिकामा पाहिला आणि काही चुकलं की काय म्हणून मीठ चाखून आला. तिसऱ्या पंगतीपर्यंत बुंदीची दोन पातेली शाबूत होती.

नवरीचे वडील सांडूभाऊंना शोधत आले. त्यांनी दोन्ही हात धरले.

"अठरा कार्यालयं पालथी घातली मी. 'अन्न वाया घालवू नका' असं बारीक अक्षरात कोपऱ्यात सगळेच लिव्हतात. तुमी छातीठोक भिंतीवर लिव्हलं. नाव मोठं असतं लोकांचं, तुमी तर स्वतःचं नाव टाकलंच नाय."

सांडूभाऊंनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग पुन्हा उघडून ते म्हणाले, "नाव काय, कुणीबी टाकतं."

आशाबाई चार हातांवर पातेलं घेऊन उभी होती. तिच्या हातातली पळी थांबली.

नवरीच्या वडिलांनी आभाराची व्यवस्था केली. त्यांचे मित्र संघपाल सर सकाळपासून माईकवर होते आणि त्यांचा घसा बसत आला होता. ते स्टेजच्या कडेला वाकले. बँड वाजत होता.

"मालक, आपलं नाव सांगा, जाहीर करतो."

सांडूभाऊंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं, स्पष्ट, दोन्ही शब्द सांगितले.

"हो हो, सांगतो," संघपाल सर म्हणाले आणि माईकवर आले. "मंडळी, लक्ष द्या. कार्यालयाच्या मालकांची पुन्हा एकदा कळकळीची विनंती आहे. सांडू नका."

टाळ्या पडल्या. चौथ्या पंगतीतल्या लोकांनी खाली वाकून ताटाभोवती पडलेली शितं वेचली.

माऊली खांबामागं जाऊन हसून आला. श्रेया तिथंच बसून हसली. पुंजाराम हसले नाहीत. ते सुनेजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वाचतात लोकं. चार फुटीच पायजे." मग जरा थांबून, "आपल्या कागदावर पाच फुटीचा दर नाय. लिव्हून ठेव."

आशाबाईनं मान हलवली. तेवढ्यात नवरीचे वडील सांडूभाऊंना हाताला धरून शेवटच्या पंगतीत, अगदी मधोमध, पाटावर बसवत होते. मालकांनी आपल्यासोबत जेवल्याशिवाय आम्ही उठणार नाही, असं दोन्हीकडच्या वऱ्हाडानं ठरवलं होतं. सांडूभाऊंना कालपासून भूक नव्हती आणि आता ती एकदम लागली होती. त्यांनी पुऱ्या घेतल्या, वांगी घेतली, भात घेतला. कालचा उपास विसरून, मालकाला शोभेल असं ताट भरलं. मग एका वाढप्यानं आदरानं बुंदीची मूद ठेवली. नवरदेवाच्या मामांनी आग्रहानं दुसरी ठेवली. नवरीच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं तिसरी.

दुसऱ्या मुदीपाशी सांडूभाऊ अडले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, इकडंतिकडं पाहिलं. दोनशे माणसं त्यांच्या पत्रावळीकडं बघत होती.

आशाबाई पातेलं घेऊन समोर आली आणि भावासमोर खाली बसली.

"आशे," ते ओठ न हलवता म्हणाले, "हे एवढं उचल. पदरात घे. कुणी बघायच्या आत."

"सगळे बघायलेत, भाऊ."

"मग काय करू?"

"जेव."

सांडूभाऊंनी एक घास घेतला. मग आणखी एक. कपाळावर घाम आला. बहिणीनं पदरानं तो टिपला आणि तेवढ्यात, कुणाला कळणार नाही अशा बेतानं, ताटातल्या बुंदीचा एक मोठा लाडू वळून स्वतःच्या तोंडात टाकला. मग दुसरा. दोघं न बोलता खात राहिली, एकाच पत्रावळीवर, आईच्या स्वयंपाकघरात बसायची तशी, तोंडं फुगवून.

"भिंत?" तिनं भरल्या तोंडानं विचारलं.

सांडूभाऊंनी घास गिळला, पट्ट्याचं एक भोक सैल केलं आणि पत्रावळीवरचा शेवटचा दाणा बोटानं टिपून घेतला.

"हात लावू नको," ते म्हणाले.